पार्वतीकडे बघा

(कन्नड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींचा मी विद्यार्थी. ते आम्हाला इतिहास शिकवायचे आणि आठवड्यातून एकदा चित्रकलेचा तास घ्यायचे. सहावीत असताना आमची सहल वेरूळला गेली. डबे खाऊन झाले, कैलास लेण्याला एक फेरी मारून झाली आणि गुरुजींनी आम्हाला दक्षिणेकडच्या अंगणात, मंदिराच्या जोत्याखालच्या रावणासमोर उभं केलं. कैलास पर्वत उचलायला निघालेला दशानन. गुरुजींनी विचारलं, "रावण केवढा आहे?"

आम्ही सगळे एकदम ओरडलो. कोणी म्हणालं दोन पुरुष, कोणी म्हणालं आपल्या शाळेच्या दाराएवढा. गुरुजी म्हणाले, "रावणाकडे नका बघू. वर पार्वतीकडे बघा."

आम्ही वर पाहिलं. पार्वतीनं शंकराचा दंड घट्ट धरला आहे. तिच्या मागची दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. "आता सांगा, रावण केवढा?" तेव्हा कोणीच बोललं नाही.

आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाला मी उशिरा दिलेलं उत्तर आहे. विषय राक्षसाच्या सिनेमाचा आहे. तोही साधा नाही. अफाट पैसा ओतून, जुना गाजलेला राक्षस पुन्हा उभा करणारा सिनेमा. पीटर जॅक्सन यांचा २००५चा 'किंग काँग'. तेव्हाच्या औरंगाबादेत, त्या वर्षीच्या डिसेंबरात मी तो पाहिला आणि थिएटरमधून बाहेर पडताना माझ्या डोक्यात न्यूयॉर्क नव्हतं, वेरूळचं ते अंगण होतं.

राक्षस पुन्हा घडवणं ही काही अमेरिकेची कल्पना नाही, हे आधी ध्यानात घेऊ. आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर त्याचा पुरावा आहे. कैलास उचलणारा रावण वेरूळला एकदाच कोरलेला नाही. एकोणतिसाव्या लेण्यात, धुमार लेण्यात, तो आहे. एकविसाव्या, रामेश्वर लेण्यात तो आहे. चौदाव्या लेण्याचं तर लोकांनी नावच 'रावण की खाई' ठेवलं. ही लेणी आधीची. मग आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात अख्खा डोंगर वरून खाली कोरत कैलास मंदिर घडलं आणि तोच प्रसंग पुन्हा कोरायची वेळ आली. हाताशी राजाश्रय होता, आणि दोनचारशे पावलांवर जुने रावण उभे होते. आजच्या भाषेत सांगायचं तर तो एका गाजलेल्या दृश्याचा मोठ्या खर्चाचा रिमेक होता.

त्या शिल्पकारानं काय केलं? त्यानं रावणाला भिंतीपासून सोडवलं. रावणाच्या मागचा दगड इतका खोल काढला, की आकृती जवळजवळ सुटी झाली आणि तिच्याभोवती काळोख साठला. जुन्या शिल्पांत रावण दगडावर आहे, इथं तो काळोखात आहे. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हे मंदिर म्हणजेच कैलास. म्हणून जोत्याखाली बसलेला रावण कोरलेला पर्वत हलवत नाही, आपण ज्या मंदिराच्या अंगणात उभे आहोत तेच मंदिर हलवायला निघाला आहे. जुनी गोष्ट तशीच ठेवून त्यानं ती पाहणाऱ्याच्या पायाखाली आणली. रिमेक कसा करावा याचा याहून चांगला धडा मला कुठल्याच सिनेमात मिळालेला नाही.

आता त्या प्रचंड वानराकडे, किंग काँगकडे येऊ.

पहिला 'किंग काँग' २ मार्च १९३३ला न्यूयॉर्कमध्ये लागला. मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक हे दिग्दर्शक. खर्च सुमारे पावणेसात लाख डॉलर. अमेरिका महामंदीत होरपळत होती. त्याच आठवड्यात तिथल्या बँका बंद पडल्या. चित्रपटाची नायिका ॲन पहिल्यांदा दिसते तेव्हा ती भुकेनं व्याकूळ होऊन फळवाल्याच्या दुकानातलं सफरचंद उचलायला जात असते. पडद्यासमोरच्या प्रेक्षकाला ती भूक समजावून सांगावी लागली नाही. आणि शेवटी तो वानर चढतो ती एम्पायर स्टेट बिल्डिंग तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. ज्या शहराला जगातली सगळ्यात उंच इमारत बांधता आली, पण आपल्या माणसांना भाकरी देता आली नाही, त्या शहराच्या माथ्यावर रानातलं एक जनावर चढून बसलं. त्याच्या पायाखाली खरं काहीतरी हलत होतं.

तो वानर प्रत्यक्षात केवढा होता? दीड फुटाचा. विलिस ओब्रायन या कारागिरानं धातूच्या सांगाड्यावर रबर आणि सशाची कातडी चढवलेला बाहुला केसाएवढा हलवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायचा, अशा रीतीनं तो जिवंत केला. प्रत्येक वेळी बोटं लागून कातडीवरचे केस विसकटत. पडद्यावर ते केस सतत थरथरताना दिसतात, जणू काँगच्या अंगावर रागानं काटा आला आहे. कारागिराच्या बोटांचा ठसा जनावराचा श्वास होऊन गेला.

इथं मला आपल्याच तालुक्यातलं पितळखोरं आठवतं. सातमाळ्याच्या कड्यात, दोन हजार वर्षांहून जुनं. तिथं सापडलेला ठेंगणा, ढेरपोट्या, हसरा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव कोरलं आहे: कन्हदास, व्यवसायानं सोनार. अतिमानुष प्राणी घडवणाऱ्याचा हात त्या प्राण्यावर कुठेतरी दिसला पाहिजे, ही अपेक्षा इतकी जुनी आहे.

१९७६मध्ये डिनो दि लॉरेंटिस यांनी काँग पुन्हा आणला. या वेळी चाळीस फुटी यांत्रिक वानर बांधला आणि त्याची भरपूर जाहिरात केली. तो धड हलेना. चित्रपटात तो मोजक्या क्षणांपुरता दिसतो. बाकी सगळं काम केसाळ पोशाख चढवलेल्या रिक बेकर या माणसानं केलं. चाळीस फुटांचं यंत्र जे करू शकलं नाही ते माणसाच्या डोळ्यांनी केलं. मला त्या चित्रपटातली एवढीच गोष्ट जपून ठेवावीशी वाटते.

आणि मग जॅक्सन. नऊ वर्षांचे असताना त्यांनी न्यूझीलंडमध्ये जुना 'किंग काँग' टीव्हीवर पाहिला आणि शेवटी ते रडले. बाराव्या वर्षी त्यांनी पुठ्ठ्याची एम्पायर स्टेट बिल्डिंग करून आपल्यापुरता काँग चित्रित करायला घेतला होता. पुढे १९९६मध्ये मोठ्या स्टुडिओनं त्यांना हा चित्रपट दिला आणि लगेच काढूनही घेतला. मधल्या काळात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन भाग झाले, आणि मग ते परत या वानराकडे आले. या वेळी हातात वीस कोटी डॉलरहून जास्त रक्कम होती. लहानपणचं वेड आयुष्यभर सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. या चित्रपटातलं जे उत्तम आहे ते त्या वेडातून आलं आहे, आणि त्यात जे फसलं आहे त्याचं मूळही तिथंच आहे.

उत्तम ते आधी. जॅक्सन यांनी अँडी सर्किस या नटाला काँग केलं. सर्किस रवांडाच्या डोंगरात जाऊन गोरिलांचं निरीक्षण करून आले. त्यांच्या चेहऱ्याची प्रत्येक हालचाल संगणकानं टिपून वानराच्या चेहऱ्यावर आणली. म्हणून हा काँग म्हातारा होत चाललेला, अंगभर जुन्या जखमांचे वण असलेला, आपल्या जातीतला एकटाच उरलेला नर आहे, हे संवादाशिवाय कळतं. त्याचं वजनही खरं वाटतं. पाय टाकताना हातावर येणारा भार, दमल्यावर बसण्याची पद्धत, नको असलेल्या गोष्टीकडे पाठ फिरवून बसणं. ज्यानं म्हातारा बैल जवळून पाहिला आहे, त्याला हे ओळखीचं वाटेल.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे ॲन. १९३३ची ॲन शेवटपर्यंत किंचाळत राहते. नेओमी वॉट्सची ॲन ही बंद पडलेल्या नाट्यगृहातली हसवणारी नटी आहे. काँगच्या तावडीत सापडल्यावर ती कोलांट्या मारते, खडे झेलते, पडून दाखवते. पोटासाठी शिकलेली कला जीव वाचवायला वापरते. पुढे कड्यावर बसून दोघं सूर्यास्त पाहतात. ती छातीवर हात ठेवून 'सुंदर' असं सांगते. शेवटी इमारतीच्या माथ्यावर पहाट होताना काँग तशीच छातीवर बोटं आपटतो. एक शब्द न बोलता त्यानं तिचा शब्द परत केला.

मंडळी, मला गुरुजींची पार्वती इथं दिसली. काँग पंचवीस फुटांचा आहे, हा आकडा आपण विसरतो. ॲनच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू विश्वासात आणि विश्वास दुःखात बदलत जातो, आणि त्या चेहऱ्यात आपल्याला तो वानर मोजता येतो.

आता उणिवा. चित्रपट तीन तास सात मिनिटांचा आहे. जुना १०० मिनिटांचा होता. काँग दिसायला तासाभराहून जास्त वेळ लागतो, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही कन्नडकर आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. २०२१मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून एक वाघ चालत चालत आपल्या गौताळ्यात आला. कित्येक दशकांनी या जंगलात वाघ. कॅमेऱ्यातलं एखादं छायाचित्र आणि पायाचे ठसे, एवढंच हाती होतं. पाहिलेले थोडे, बोलणारे सगळे. न दिसलेल्या वाघानं आपलं जंगल पुन्हा मोठं केलं. राक्षसाची वाट पाहायला लावणं ही जुनी आणि योग्य युक्ती आहे.

तक्रार पुढच्या भागाची आहे. जुन्या काँगनं एका डायनोसॉरशी झुंज घेतली; इथं तो तिघांशी लढतो, तेही वेलींत लटकत, दरीत कोसळत. त्याआधी महाकाय सरपटणाऱ्या प्राण्यांचा कळप धावत सुटतो आणि माणसं त्यांच्या पायांमधून पळत राहतात. एवढ्या पायांखालून इतकी माणसं वाचली, की भीतीच संपते. पडद्यावर कोणी घाबरलेलं दिसतं, पण त्या घाबरण्याला परिणाम नसतो. पार्वतीनं दंड धरलेला आहे, मात्र पर्वत हलतच नाही, असं काहीसं.

या चित्रपटाचं सगळं मर्म मला एका तपशिलात सापडतं. १९३३मध्ये कूपरनं एक दृश्य चित्रित केलं होतं. काँग ओंडक्यावरून माणसं दरीत झटकतो आणि खाली त्यांना प्रचंड कोळी नि किडे खातात. मेहनतीनं केलेलं ते दृश्य कूपरनं स्वतःच कापून टाकलं, कारण त्यामुळे गोष्ट थांबत होती. ते पुढे हरवलं. जॅक्सन यांनी ते दृश्य आपल्या चित्रपटात नव्यानं घडवलं. दृश्य म्हणून ते अंगावर काटा आणणारं आहे, यात वाद नाही. पण बघा, ज्याच्याजवळ पैसे कमी होते त्यानं केलेलं काम टाकून दिलं, आणि ज्याच्याजवळ अमाप होते त्यानं टाकून दिलेलं उचलून आणलं. जॅक्सन यांना मूळ चित्रपटाचा कणही सोडवत नव्हता. माया अशीच असते. पण कलेत मायेला कधीतरी 'आता पुरे' म्हणावं लागतं.

त्याच मायेपोटी त्यांनी गोष्ट १९३३मध्येच ठेवली. मंदीतलं न्यूयॉर्क त्यांनी इतकं देखणं उभं केलं, की त्यातली भूकही देखणी झाली. जुन्या चित्रपटात सफरचंद उचलणारा हात प्रेक्षकाचा होता. इथं तो इतिहासातला आहे. वेरूळच्या शिल्पकारानं जुना प्रसंग पाहणाऱ्याच्या पायाखाली आणला, जॅक्सन यांनी तो जपून काचेच्या कपाटात ठेवला.

आपल्या मराठी सिनेमानंही हा अनुभव घेतला आहे, आणि योगायोगानं त्याच १९३३ साली. १९०७मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं, सरकारलाही कळलं. १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. १९२०मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तोच कीचक 'सैरंध्री' या मूकपटात आणला. भीमाच्या हातून होणारा त्याचा वध इतका खरा वाटला, की लोक हादरले; टिळकांनी पेंटरांना 'सिनेमाकेसरी' म्हणून गौरवलं. पुढे पेंटरांचेच शिष्य व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी १९३३मध्ये 'सैरंध्री' पुन्हा केला, या वेळी रंगीत. त्याच्या रंगाचं काम थेट जर्मनीत झालं. धाडस मोठं होतं, खर्च मोठा होता. पण रंग हवे तसे उतरले नाहीत आणि चित्रपट चालला नाही. शांतारामबापूंच्या योग्यतेला त्यानं बाधा येत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं, की १९२०च्या प्रेक्षकाला कीचक कोण ते ठाऊक होतं, आणि रंगाचं तंत्र कितीही नवं असलं तरी ते ओळखीची ती ठिणगी आणून देऊ शकत नाही.

जपानचा 'गोजिरा' म्हणजे गॉडझिला, तोही असाच. मार्च १९५४मध्ये प्रशांत महासागरात अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली, तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, आणि त्याच नोव्हेंबरात इशिरो होंडांचा तो राक्षस समुद्रातून वर आला. १९९८मध्ये हॉलिवूडनं त्याचा चपळ, पळणारा सरडा केला. अणूची राख धुतली गेली आणि राक्षसही गेला. २०२३मध्ये जपाननंच हॉलिवूडच्या मानानं किरकोळ पैशात 'गॉडझिला मायनस वन' केला. युद्धातून जिवंत परतल्याची लाज वाटणारा वैमानिक त्याच्या केंद्रस्थानी ठेवला. दृश्यपरिणामांचं ऑस्कर त्याला मिळालं.

शेवटची उणीव मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती मला सगळ्यात जास्त बोचते. काँगच्या बेटावर माणसंही राहतात. जुन्या चित्रपटात त्यांना रानटी दाखवलं होतं. तो काळ तसा होता, असं म्हणून आपण पुढे जातो. पण २००५मध्ये ही चूक सुधारायची संधी होती. जॅक्सन यांनी ते लोक आणखी भयंकर केले: काळवंडलेले, हाडकुळे, डोळे फिरवणारे, ज्यांना नाव नाही, भाषा नाही, दुःख नाही. वानराला मन देणाऱ्या चित्रपटानं माणसांचं मन काढून घेतलं. जहाजावरचा एक मुलगा जोसेफ कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' वाचत असतो. आफ्रिकेच्या लुटीवरची कादंबरी त्या मुलाच्या हातात आहे. बेटावरच्या माणसांकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यानं मात्र ती वाचलेली दिसत नाही.

कोणाला राक्षस म्हणायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. १८७३मध्ये 'गुलामगिरी'त जोतीराव फुल्यांनी पुराणातले राक्षस उलटे वाचले: ते या भूमीचे रक्षक होते, जिंकणाऱ्यांनी त्यांना राक्षस ठरवलं. आजही दिवाळीत आपल्याकडच्या घरांतून बळीचं राज्य यावं अशी प्रार्थना होते. ज्याला देवानं पाताळात घातलं, त्याच्या राज्याची आपण वाट पाहतो. आपल्या तालुक्यात भिल्लांची वस्ती आहे, ठाकर आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. या गावात बसून त्या बेटावरच्या लोकांकडे पाहिलं, की ती चूक पटकथेतली किरकोळ चूक वाटत नाही.

तरीही, मित्रहो, मी हा चित्रपट पुन्हा पाहीन. त्यातली ॲन आणि काँगची बर्फावरची रात्र पाहण्यासाठी, आणि साखळदंडांनी बांधून नाट्यगृहात उभ्या केलेल्या काँगचे डोळे पाहण्यासाठी. तिकीट काढून आलेली शेकडो माणसं समोर बसली आहेत, छायाचित्रकारांचे दिवे लखलखत आहेत. उसात किंवा विहिरीत बिबट्या अडकल्याची बातमी आली, की चहूबाजूंनी धावणारी गर्दी आणि वर उचललेले मोबाईल आपण पाहिले आहेत. मी स्वतः एकदा अशा गर्दीत उभा राहिलो आहे. त्या बिबट्याच्या डोळ्यांकडे पाहायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं. चित्रपटानं ते शिकवलं, आणि मी त्याचं ऋण मानतो.

इथं समोर काही तरुण मुलं बसली आहेत. मोबाईलवर सिनेमे करता, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कोणीतरी एक दिवस राक्षस घडवील; नवा घडवील किंवा जुनाच पुन्हा. पैसे नाहीत म्हणून थांबू नका, आणि पुढे मिळाले तर त्यांना भुलू नका. करायच्या आधी एक रविवार काढा, एसटीनं वेरूळला जा. कैलासाच्या दक्षिण अंगणात उभे राहा. रावण कसा कोरला आहे ते पाहालच. पण मान वर करून शंकराचा दंड धरलेल्या तिच्याकडेही बराच वेळ बघा.

सहावीतल्या त्या दुपारी आम्ही गप्प झालो तेव्हा गुरुजींनी उत्तर सांगितलं नाही. "चला, गाडी सुटेल," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. अंगणाच्या वळणावर मी मागं वळून पाहिलं. उन्हं कलली होती, रावण काळोखात बुडाला होता, दिसतही नव्हता. पार्वतीचा हात तेवढा दिसत होता. आणि तो हात पाहून, सहावीतला मी, पळत जाऊन गुरुजींचं बोट धरलं.